नळ बंद ठेवून मोजलेलं प्रेशर

मार्चच्या शेवटी सासूबाई अंगणात घसरून पडल्या आणि उजव्या खांद्याला फ्रॅक्चर झालं, तिथून हे सगळं सुरू झालं. प्लास्टर-बिस्टर निघाल्यावरसुद्धा हात खांद्याच्या वर जात नव्हता, मग्गा उचलून डोक्यावर पाणी घेणं तर लांबच. डॉक्टर म्हणाले स्टुलावर बसवून हॅन्ड शॉवरने आंघोळ घाला. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, खाली भाडेकरू आहेत, नागपूरच्या मानेवाडा भागातलं 1994 सालचं साधं घर. वरच्या बाथरूममध्ये हॅन्ड शॉवर बसवला आणि पहिल्याच दिवशी कळलं की त्यातून पाणी येत नाही, ठिबकतं म्हणा. आईंच्या डोक्यावरचा शिकेकाईचा फेस निघता निघेना, त्या बिचाऱ्या डोळे मिटून बसलेल्या, आणि तेवढ्यात खाली कोणीतरी नळ उघडला की आमचं होतं नव्हतं तेही पाणी बंद. वरून हाक मारून "वहिनी दोन मिनिटं नळ बंद करता का" असं रोज सकाळी सांगायचं, किती दिवस सांगणार.

पंधरा लिटरची बादली हॅन्ड शॉवरने भरायला मी मोबाईलवर वेळ लावून पाहिली, सहा मिनिटं. म्हणजे मिनिटाला अडीच लिटर. हा आकडा तेव्हा सहज म्हणून वहीत लिहून ठेवला, पुढे त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला.

नेहमीचे प्लंबर भाऊ आले, त्यांनी दोन मिनिटं नळ उघडझाप करून सांगितलं, "ताई, प्रेशरच नाही जी. टाकी कमी उंचीवर आहे तुमची. प्रेशर पंप लावून टाका, बारा हजारात काम होते." आमचे हे म्हणाले टाकी मोठी घेऊ, दोन हजार लिटरची, पाणी जास्त असलं की जोर जास्त. भाडेकरू दादा म्हणाले स्टँड तीन फूट उंच करा. सगळे आपापल्या परीने मदतच करत होते, पण तिघांचे तीन उपाय, आणि एकालाही नेमकं काहून ते सांगता येत नव्हतं. बारा हजार खर्च करायच्या आधी मला ते काहून समजून घ्यायचं होतं, कारण पंप आणून पुन्हा तेच झालं तर आईंना काय सांगणार.

मग इतवारीत जाऊन एक प्रेशर गेज आणलं, सात किलोपर्यंत काटा असलेलं, पाण्याच्या फिल्टरला वगैरे लावतात तसं. प्लंबर भाऊंनी अँगल कॉक (भिंतीतून निघणारा छोटा नळ) आणि हॅन्ड शॉवरच्या पाईपच्या मध्ये एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, टाकून दिली आणि तिच्यावर गेज बसवलं. शॉवर बंद, काटा जेमतेम हलला, शून्याच्या थोडासा वर. शॉवर उघडला तर काटा शून्यावर टेकला. खालच्या मजल्यावर नेऊन लावलं तर नळ बंद असताना पॉइंट सातच्या आसपास. "पाह्यलं ना ताई, वर प्रेशरच नाही," भाऊ म्हणाले, आणि तेव्हा तरी मला ते पटलं.

रात्री माझा भाचा आला होता, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्याला गेज दाखवलं. तो म्हणाला, "मामी, हे गेज तुझ्या कामाचंच नाही. दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ म्हणजे साधारण एक किलो प्रेशर, एक किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. तुझी टाकी शॉवरच्या वर किती, साडेतीन मीटर? मग जास्तीत जास्त पॉइंट साडेतीनच येणार, आणि सात किलोच्या स्वस्त गेजची चूकच एक-दोन दशांश किलो असू शकते. याच्यावर तू काय वाचणार." मग मी विचारलं की टाकी मोठी घेतली तर? तो नाही म्हणाला. प्रेशर पाण्याच्या उंचीवर ठरतं, टाकीत पाचशे लिटर आहे की दोन हजार याच्यावर नाही, दोन्हीत पाणी सारख्या उंचीवर असेल तर तळाशी दाब सारखाच. हे शाळेत आपण सगळेच शिकलो होतो, पाठही केलं होतं, पण आपल्या गच्चीवरच्या काळ्या टाकीशी त्याचा संबंध कधी लावला नाही.

मग मोजायचं कसं? याचं उत्तर भाच्याकडून नाही, शेजारी बांधकाम चालू होतं तिथल्या मिस्त्रींकडून आलं. मी कुंपणापाशी उभी राहून त्यांना सगळी हकिकत सांगितली, ते भिंतीची लेव्हल काढून राहिले होते, ती पारदर्शक प्लास्टिकची नळी असते ना पाणी भरलेली, दोन्ही टोकाला पाणी एका रेषेत येतं, ती. ते म्हणाले, "हीच लावून पाहा ना ताई. पाणी आपली लेव्हल सोडत नाही. नळ बंद असला तं टाकीतल्या पाण्याइतकं चढन, नळ चालू केला का कितीक खाली येते ते पाहा." आणि त्यांनी जवळची जास्तीची पंधरा फुटी नळी काढून दिलीसुद्धा. मला वाटतं या सगळ्या प्रकरणात सगळ्यात उपयोगी सल्ला हाच होता. किलो आणि पीएसआय असली दाबाची मापं करत बसण्यापेक्षा सरळ सेंटिमीटर, डोळ्याला दिसणारे.

रविवारी सकाळी सहालाच सुरुवात केली, मे महिना, आठनंतर गच्चीवर उभं राहता येत नाही. गेज काढून त्या टीला निपल (नळी बसवायचं तोंड) लावलं, निपलवर लेव्हलची नळी क्लॅम्पने आवळली, ती व्हेंटिलेटरमधून बाहेर काढून वर गच्चीवर नेली आणि टाकीच्या लोखंडी स्टँडला सुतळीने उभी बांधली. बाहेरच्या भिंतीवर टीच्या उंचीपासून वरपर्यंत दर दहा सेंटिमीटरला खडूने खुणा. मुलगी गच्चीवर, मी बाथरूममध्ये, फोन स्पीकरवर.

अँगल कॉक पूर्ण उघडा, शॉवरचं बटण बंद. नळीत पाणी चढत चढत गेलं आणि थांबलं. मुलगी वरून ओरडली, "आई, टाकीतल्या पाण्याच्या बरोबर समोर थांबलं!" टाकीचं झाकण उघडून तिने पट्टीने पाहिलं, बोटभरसुद्धा फरक नाही. टीपासून 340 सेंटिमीटर. म्हणजे प्लंबर भाऊ म्हणाले तसं प्रेशर "नाही" असं नव्हतं, टाकीच्या उंचीने जेवढं द्यायला पाहिजे तेवढं सगळं शॉवरपर्यंत पोचत होतं, पै न् पै. फक्त पाणी उभं असताना.

मग शॉवर उघडला. नळीतलं पाणी सरसर खाली आलं आणि 87 सेंटिमीटरवर स्थिर झालं. बंद केला, परत 340. उघडला, 87. मी हे सहा-सात वेळा केलं, कारण ते डोळ्यांनी बघताना जे कळत होतं ते इतके दिवस कोणी सांगूनही कळलं नव्हतं. पाणी उभं असताना पाईप कसाही असो, जाड, बारीक, गंजलेला, चोंदलेला, आत जरासं भोक उरलेलं असलं तरी शेवटी लेव्हल टाकीइतकीच येते, कारण पाणी हलतच नसल्यामुळे वाटेत काही खर्च होत नाही. पाणी वाहायला लागलं की पाईपच्या भिंतीशी घासत, कोपऱ्यांवर वळत, व्हॉल्व्हमधून पिळवटत जातं आणि प्रत्येक ठिकाणी त्या 340 मधून थोडं थोडं द्यावं लागतं. शेवटी शॉवरच्या तोंडाशी जे उरतं त्याच्यावर धार ठरते. आणि शॉवरच्या जाळीतून बाहेर हवेत पडलं की गेजच्या हिशेबाने शून्यच, तिथे सगळं संपलेलं असतं. म्हणून उघड्या नळाच्या अगदी तोंडाशी गेज लावून शून्य आलं तर घाबरायचं काही नाही, ते शून्यच यायला पाहिजे.

तर 253 सेंटिमीटर वाटेत कुठेतरी जात होते. अडीच मीटर. कुठे?

भाचा आधी म्हणाला बर्नोली. वेग वाढला की दाब कमी होतो, डॅनिएल बर्नोलीने 1738 साली मांडलेलं, परीक्षेत येतंच. मला ते ऐकायला बरोबर वाटलं, पण आकडा काढून बघ म्हटलं. वहीतले मिनिटाला अडीच लिटर तिथे कामी आले. आमच्या बाथरूमकडे येणाऱ्या अर्धा इंची सीपीव्हीसीचं (प्लास्टिकच्या पाईपचं) आतलं भोक साधारण 12.4 मिलिमीटर, त्यातून अडीच लिटर म्हणजे वेग सेकंदाला 35 सेंटिमीटरसुद्धा नाही, आणि एवढ्या वेगासाठी लागणारी उंची निघाली अर्धा-पाऊण सेंटिमीटर! 253 पैकी अर्धा-पाऊण. पोराने दोनदा गणित केलं, तेवढंच. हे मी मुद्दाम लिहून राहिले कारण पाणी वाहताना प्रेशर का पडतं याचं उत्तर म्हणून जिथे तिथे बर्नोलीच सांगतात, आणि घरातल्या पाईपमध्ये त्याचा वाटा नगण्य असतो. एकाच जाडीच्या पाईपमध्ये तर पाण्याचा वेग सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच राहतो, जेवढं आत जातं तेवढंच बाहेर येतं, तरी प्रेशर मात्र पुढे पुढे कमी होत जातं. तो सगळा घर्षणाचा खर्च. फ्रान्समध्ये दिजाँ शहराची पाणी योजना करणारा हेन्री दार्सी, त्याने एकोणिसाव्या शतकात वेगवेगळ्या पाईपांवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाईप आतून गुळगुळीत आहे की खरखरीत याने खूप फरक पडतो. भाच्याने घर्षणाच्या सूत्राने आमच्या नव्या पाईपचा हिशेब केला तर मिनिटाला अडीच लिटरला दर मीटरमागे दीड सेंटिमीटर, म्हणजे बाथरूमच्या फांदीत एल्बो-बिल्बो (वळणाचे जोड) धरून वीसच्या आतबाहेर. मग उरलेले दोन मीटर-तीस कुठे गेले?

आता आमची लाईन कशी आहे ते सांगते. टाकीच्या तळातून निघून गेट व्हॉल्व्ह, तिथून जुना जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) पाऊण इंची पाईप स्टँडवरून उतरून गच्चीच्या कडेने जातो, कठड्यातून बाहेर पडून भिंतीवरून खाली येतो. आमच्या बाथरूमच्या खिडकीखाली एक जोड आहे, तिथून एक फांदी आमच्याकडे अर्ध्या इंचाची आणि मुख्य पाईप तसाच खाली भाडेकरूंकडे. 2016 ला बाथरूमच्या टाईल्स बदलल्या तेव्हा जोडापासून पुढचं सगळं सीपीव्हीसी केलं, पण टाकीपासून जोडापर्यंतचा जीआय तसाच ठेवला होता, पाचेक मीटर. चांगला दिसत होता बाहेरून, रंगही दिलेला.

प्लंबर भाऊंना परत बोलावलं. आधी ते थोडे नाराज होते, की ताई पंप घ्यायचा सोडून हे काय करून राहिल्या, पण नळीतलं पाणी खाली-वर होताना पाहिलं आणि तेही शिडी घेऊन कामाला लागले. दोन जागी मोजायचं ठरलं. एक, व्हॉल्व्हच्या लगेच पुढे युनियन (पाईप खोलायचा जोड) होतं तिथे टी. दुसरी, खिडकीखालच्या जोडापाशी, जीआय संपून सीपीव्हीसी सुरू होतं तिथे. खुणा सगळ्या आधीच्याच शून्यापासून मोजल्या, बाथरूममधल्या टीपासून, म्हणजे तुलना करता येईल.

शॉवर चालू ठेवून, व्हॉल्व्हच्या पुढे 336. चार सेंटिमीटर गेले फक्त. प्लंबर भाऊंचा संशय व्हॉल्व्हवर होता, गेट व्हॉल्व्हचा आतला पडदा तुटून अर्धवट अडकतो म्हणे कधी कधी, आणि वरून चाक फिरवलं तर पूर्ण उघडल्यासारखं वाटतं. पण नाही, तो बरा होता. मग नळी खालच्या टीला लावली. 105. मुलीने दोनदा विचारलं, बरोबर लावली ना? बरोबर होती. 336 ला आत गेलेलं पाणी 105 ला बाहेर आलं, 231 सेंटिमीटर त्या पाच मीटरच्या जीआयने खाल्ले. आणि पुढे आमच्या अर्धा इंची फांदीत 105 वरून 87, अठरा सेंटिमीटर, भाच्याच्या हिशेबाच्या जवळपास तेवढेच. तो खूप खूश झाला, आणि खरं सांगते मलापण इतका आनंद झाला की मी आईंना खुर्चीवर बसवून खिडकीतून ती नळी दाखवली.

त्याच वेळी खालच्या वहिनींना म्हटलं आता तुमचे दोन्ही नळ उघडा. नळीतलं पाणी 87 वरून जे घसरलं ते टीच्याही खाली गेलं, नळी पूर्ण रिकामी, आणि टीमधून हवा आत ओढल्याचा सूंऽऽ असा आवाज. म्हणजे आमच्या बाथरूममधल्या पाईपमध्ये बाहेरच्या हवेपेक्षाही कमी दाब. वाहत्या पाण्याचं प्रेशर फक्त कमी होत नाही, ते शून्याच्या खालीही जाऊ शकतं, हे मी त्या दिवशी कानांनी ऐकलं.

आणि मग मला एकदम आठवलं. एप्रिलमध्ये एकदा खालच्या वहिनी म्हणाल्या होत्या की भांडी घासताना नळाच्या पाण्याला साबणासारखा वास आला. मी म्हटलं होतं टाकी धुवून घेऊ, धुतलीसुद्धा. ते टाकीतून नव्हतंच. आईंची आंघोळ झाल्यावर हॅन्ड शॉवर उघडाच बादलीत पडलेला असायचा, अँगल कॉक चालू, बटण अडकवलेलं, आणि खाली नळ उघडला की पाईप आमच्या बादलीतलं साबणाचं पाणी उलटं ओढून खाली नेत होता. नळाचं पाणी समजून आपण वापरतो आणि ते दुसऱ्याच्या आंघोळीचं असतं, हे समजल्यावर मला खूप वाईट वाटलं, मी त्याच दिवशी खाली जाऊन वहिनींना सांगितलं. त्या दिवसापासून हॅन्ड शॉवर कायम हुकला टांगलेला, बादलीत कधीच नाही, आणि कूलर भरायची रबरी नळीपण पाण्यात बुडवून ठेवायची नाही, वरून धार पडू द्यायची. आपल्याकडे मे महिन्यात घरोघरी कूलरच्या टाकीत नळी बुडवून नळ उघडा ठेवून लोक आत निघून जातात, कूलरचं ते पाणी किती घाण असतं माहीतच आहे. नळाच्या लाईनला थेट टुल्लू पंप लावणारेही हेच करत असतात, फक्त मोठ्या प्रमाणावर. लाईनमध्ये ओढ निर्माण होते आणि जिथे कुठे जोड गळका असेल तिथून बाहेरचं पाणी आत येतं. पेंच धरण आणि कन्हान नदीतून शुद्ध करून आलेलं पाणी शेवटच्या शंभर फुटात खराब करायचं म्हणजे.

आता उपाय. टाकीचं स्टँड तीन फूट उंच केलं असतं तर? 340 च्या जागी 430 झाले असते, पण पाणी अडीच लिटरवरून पावणेतीन-पावणेतीनच्या थोडं वर गेलं असतं, बस. कारण घर्षण वेगाबरोबर सरळ वाढत नाही, पाणी दुप्पट करायला गेलं की खर्च साडेतीनपटीच्या वर जातो, वाढवलेली उंची तो चोंदलेला पाईपच खाऊन टाकतो. पंप लावला असता तर त्यानेही त्याच पाईपमधून ओढलं असतं, धार थोडी वाढली असती, पण ओढही वाढली असती, आणि विजेचं बिल दर महिन्याला. याउलट पाईपचं भोक वाढवलं की फायदा अफाट आहे. खर्च व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताने कमी होतो. अर्धा इंची सीपीव्हीसीच्या जागी पाऊण इंची टाकला तर तेवढ्याच पाण्याला घर्षण साडेसहापट कमी, एक इंची टाकला तर वीसपटीहून कमी. पाईपच्या किमतीतला फरक त्यामानाने काहीच नाही, मजुरी तर तेवढीच. घर बांधताना हे कोणी आमच्या सासऱ्यांना सांगितलं असतं तर.

जून लागल्यावर एक दिवस काम काढलं. जीआय काढून टाकीपासून जोडापर्यंत एक इंची सीपीव्हीसी, गेट व्हॉल्व्हच्या जागी पूर्ण भोकाचा बॉल व्हॉल्व्ह, दोन ठिकाणी काटकोनी एल्बोऐवजी पंचेचाळीस अंशांचे दोन-दोन. टाकीच्या पुढे एक उभा व्हेंट पाईपही काढला, टाकीच्या वर तोंड उघडं, कारण गच्चीवरच्या आडव्या भागात हवा अडकून बसते आणि मग टाकी रिकामी होऊन परत भरली की पाणी फस्-फस् करत येतं, ते आमच्याकडे नेहमी व्हायचं. कापलेला जीआय प्लंबर भाऊंनी उभा करून आपटला तर लाल-काळे खवले पडले मूठभर. आतून बघितलं तर पाऊण इंचाचा पाईप आणि मधे मुलीची पेन्सिल जेमतेम जाईल एवढंच भोक, तेही सरळ नाही, गाठीगाठींचं. गंज आणि अंगणातल्या बोअरच्या जड पाण्याचा क्षार, दोन्ही मिळून तीस वर्षं थरावर थर. भाऊ म्हणाले, "ताई, पंप लावला असता तं माझंच नाव खराब झालं असतं." मला त्यांचं ते बोलणं फार आवडलं. आता ते दुसऱ्यांच्या घरीही लेव्हलची नळी घेऊन जातात, मला दोनदा फोन करून आकडे सांगितले.

संध्याकाळी टाकीत पाणी आधीच्याच खुणेपर्यंत भरून परत मोजलं. शॉवर बंद, 340, जुन्या पाईपला होतं तेवढंच. शॉवर चालू, 290. बादली तीन मिनिटं दहा सेकंदात, म्हणजे मिनिटाला पावणेपाच लिटर. आणि खालच्या वहिनींनी दोन्ही नळ पूर्ण उघडले तेव्हा 290 वरून 272, बस अठरा सेंटिमीटर, शॉवरच्या धारेत डोळ्याला फरकही कळला नाही. पुढच्या दिवशी सकाळी आईंना डोक्यावरून आंघोळ घातली तेव्हा खाली भांड्यांचा आवाज येत होता, नळ चालू होता, आणि आईंनी स्वतःच डाव्या हाताने शॉवर धरून मानेवरून पाणी घेतलं. त्या म्हणाल्या, "आता तू बाहेर उभी राहिली तरी चालते." दोन महिन्यांत पहिल्यांदा.

ज्यांच्याकडे असा त्रास असेल त्यांनी आधी दोनच गोष्टी कराव्या असं मला वाटतं. बादली आणि घड्याळ घेऊन मिनिटाला किती लिटर येतं ते काढा, आणि नळ चालू असताना मोजा, एका जागी नाही तर लाईनवर दोन-तीन जागी. नळ बंद ठेवून कोणी गेज दाखवून प्रेशर आहे किंवा नाही म्हणत असेल तर त्याने फक्त तुमच्या टाकीची उंची मोजली, पाईपबद्दल त्याला अजून काहीच कळलेलं नाही. टी टाकायला फार तर दीडशे-दोनशे रुपये लागतात आणि लेव्हलची नळी कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. फक्त पाणी मोजताना नळीत बुडबुडा राहू देऊ नका, एक जरी राहिला तर लेव्हल चुकीची दिसते, आमचा पहिला अर्धा तास त्याच्यातच गेला.

एक गोष्ट अजून बाकी आहे. आमच्या बाथरूमच्या अर्धा इंची फांदीवरच फ्लशची टाकीही आहे, आणि फ्लश केल्यावर ती भरत असते तेवढा वेळ शॉवरची लेव्हल साठेक सेंटिमीटरने पडते, धार बारीक होते. नळी लावून पाहिली, सगळं त्या समाईक पाचेक मीटरच्या तुकड्यातच जाऊन राहिलं आहे. भाच्याच्या हिशेबाने तिथे पाऊण इंची टाकला तर साठाचे नऊ-दहा होतील. दिवाळीला रंगकाम काढणारच आहोत, तेव्हा तेवढी टाईल्सची एक रांग फोडायची ठरली आहे. मिस्त्रींना नळी परत द्यायला गेले होते, ते म्हणाले ठेवा तुमच्याजवळच, दिवाळीत लागन.